न धुतलेली अंडी

मावशीनं मला तपासणीसाठी दिलेली बारा अंडी धुतलेली होती. टोपलीत भाताचं तूस, त्यावर ओळीनं मांडलेली, सगळी एका मापाची, तांबूस, एकावरही डाग नाही. बघून मी खूश झाले. खरं तर तिथंच मला खटकायला हवं होतं. मोकळ्यावर चरणाऱ्या गावठी कोंबड्यांची अंडी अशी नसतात. एखादं लांबट, एखादं लिंबाएवढं, कुठं पीस चिकटलेलं, कुठं घाण. पण शेणव्याच्या नाक्यावर जीप भरत आली होती, उशीर झाला तर दुसरी मिळाली नसती, आणि मावशीच्या घरात कशावर शंका घ्यायची मला सवय नव्हती.

मी एकेक अंडं फॉइलमध्ये गुंडाळलं, डब्यात ठेवलं, डबा सील केला. सीलचा नंबर तीनदा वाचला. फॉर्मवर एक रकाना असतो, नमुना घेणाऱ्याच्या समोर गोळा केला का? मी 'होय' लिहिलं आणि सही केली.

एवढं सगळं तपासणारी मी, तो 'होय' मात्र न बघता लिहिला.

मी हिंगोलीकडची. सातवीला असताना शाळा सुटली, म्हणजे सोडवली. लग्नानंतर नवरा महामार्गाच्या बोगद्याच्या कामावर कसाऱ्याकडं आला, त्याच्या मागं मी आणि लेक. बोगदा झाला तसा तो पुढच्या कामावर गेला आणि आम्ही दोघी शहापूर तालुक्यातल्या ह्या पाड्यावर राहिलो. तो महिन्या-दोन महिन्यांनी येतो. खोली शोधताना चार घरी 'परक्या मुलखातली बाई, एकटी' म्हणून नाही म्हणाले. पाचव्या घरी मावशी होती. तिनं माझ्याकडं बघितलंच नाही. लेकीचा दंड दोन बोटांत धरून बघितला आणि म्हणाली, "ह्या पोरीला जेवायला घालतेस का नाय गो?"

त्या दिवसापासून लेकीच्या वाटीत रोज एक उकडलेलं अंडं. मी नको म्हणायची, ती म्हणायची, "कोंबडी तुझी हाये का? मग गप." दोन वर्षांत लेक वर्गातल्या पोरींपेक्षा बोटभर उंच झाली. माय फोनवर विचारायची, "काय खाऊ घालतीस गं तिला?" मी सांगायची, मी नाही, मावशी घालते.

लॅबमधली नोकरीही मावशीच्या ओळखीनंच लागली. हायवेजवळ एका इमारतीत आमची लॅब आहे, खाण्याच्या जिनसा तपासतात. आधी झाडू, मग काचेची भांडी धुणं. घरी भांडी घासणं वेगळं आणि हे वेगळं. साबण, साधं पाणी, शुद्ध केलेलं पाणी, मग तीन वेळा उग्र वासाचं सॉल्व्हंट, मग भट्टीत भाजायची, मग तोंडाला फॉइल. हाताला क्रीम लावलेलं चालत नाही. एका बरणीत आधीच्या नमुन्याचा कण राहिला तर तो पुढच्याच्या नावावर चढतो. मला रात्री झोपेतही वाटायचं, चौथी बरणी दोनदाच खळबळली की काय. हे एकदा आमच्या मॅडमना सांगितलं. लॅब त्याच चालवतात. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मला अशीच घाबरट बाई हवी होती. धीट माणसं भांडी नीट धुत नाहीत."

कुणी माझ्या भित्रेपणाची किंमत केली, ती आयुष्यात पहिल्यांदा. पुढं त्यांनीच मला नमुने घ्यायला शिकवलं. भाजीचा नमुना कसा, दुधाचा कसा, कशाला काच, कशाला फॉइल, प्लास्टिक कुठं अजिबात नको. डायॉक्सिन हा शब्दही त्यांनीच शिकवला. वायरीचं वेष्टण, प्लास्टिक, तेलकट भंगार असलं काही उघड्यावर जाळलं की धुरात आणि राखेत एक विष तयार होतं. वर्षानुवर्षं मातीत राहतं. पाण्यात विरघळत नाही, चरबीत जाऊन बसतं. मॅडमनी विचारलं होतं, "अंड्यात चरबी कुठं असते?"

"बलकात," मी म्हणाले.

"बरोबर. म्हणून मोकळ्या कोंबडीचं अंडं म्हणजे तिथल्या मातीचा दाखला."

तर ही अंड्यांची तपासणी माझ्याच डोक्यातून निघाली होती. पाड्यावरच्या सात घरांतल्या बायकांनी मिळून अंडी विकायचं ठरवलं. ठाण्यातला एक दुकानदार गावठी अंडी घ्यायला तयार झाला, पण नियमाप्रमाणे तपासणीचा कागद आधी हवा म्हणाला. मावशी त्या गटाची म्होरकी. ती हिरमुसली तशी मी म्हणाले, "मावशी, आमच्याकडंच होते ती तपासणी. मीच येते नमुना घ्यायला." मॅडमनी दुकानदाराला सांगून त्यात डायॉक्सिनचीही तपासणी घातली. मोकळ्या कोंबड्या आहेत, ते बघायलाच हवं म्हणाल्या. त्याचं मोठं मशीन आमच्याकडं नाही. आम्ही नमुना तयार करून पुढं पाठवतो.

कागद आला. सगळं मर्यादेच्या आत. मी तो घेऊन पाड्यावर गेले तेव्हा बायका मावशीच्या ओट्यावर जमल्या होत्या. सोमवारपासून दुकानाची गाडी येणार होती. कुणी गूळ आणला, कुणी चहा टाकला.

मावशी कागद हातात घेऊन उलटासुलटा बघत म्हणाली, "भावानं लाज राखली गो माझी."

"कुठल्या भावानं?"

"मुरबाडच्या. त्याच्याकडची ना ती अंडी. माझ्या कोंबड्यांची काय, बारकी बारकी, गू लागलेली. ती साहेबांम्होरं ठेवू? मुलगी दाखवायला काढली तर शेजारणीचं का होईना, चांगलं लुगडं नेसवतातच ना?"

"हिला बघायला आलेले तवा माझ्या आईच्या बुगड्या घातलेल्या हिनं," शेजारीण म्हणाली, आणि ओटा हसून हसून हलला.

"मग? पसंत पडले का नाय?" मावशी म्हणाली. मग माझ्याकडं वळून, जरा हळू आवाजात, "एश्टीनं गेले, मांडीवर टोपली घेऊन आले त्याच दिशी. तुझ्या साहेबांम्होरं तुझी मान खाली नको जायला, म्हून गेले."

मी चहा खाली ठेवला. हसणाऱ्या बायांच्या मागं, घराच्या पाठीला राबाची जागा होती आणि तिथं मावशीच्या कोंबड्या माती उकरत होत्या.

राब म्हणजे काय ते मला इथं आल्यावर कळलं. आमच्या मुलखात सोयाबीन, हरभरा थेट रानात पेरतात. इथं भाताची रोपं करायची तर त्या तुकड्यावर चैत्र-वैशाखात शेण, पातेरा म्हणजे वाळलेला पाला, झाडाच्या बारीक फांद्या, गवत असे थर रचून वर माती टाकतात आणि जाळतात. तण मरतं, राखेवर रोप जोमानं येतं. रोप उपटून शेतात लावलं की ती जागा रिकामी पडते, आणि थंडीत कोंबड्यांना त्या राखेच्या भुसभुशीत मातीत लोळायला फार आवडतं. पण दोन वर्षांपासून काही घरांच्या राबात पातेरा कमी आणि ट्रॉलीतलं जास्त असतं. रस्त्याकडच्या कुठल्याशा कारखान्यातलं भंगार ट्रॅक्टर दारात आणून फुकट टाकतो. तेलानं माखलेल्या चिंध्या, तांबं काढून घेतलेली वायरीची सालं, पिशव्यांचे तुकडे. छान पेटतं, दिवसभर धुमसतं. मी स्वतः त्या धुरात धुणं वाळत घातलंय आणि वाळत घालताना खोकलेय. तेव्हा मला डायॉक्सिन हा शब्द माहीत नव्हता. नंतर माहीत झाला, तरी लॅबमधला शब्द आणि घरामागची राख मी एका जागी ठेवून बघितली नव्हती. त्या ओट्यावर बघितली.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेकीच्या वाटीत अंडं आलं. मी ते काढून ताटलीत ठेवलं आणि तिला दूध-पोळी दिली. ती रुसून शाळेत गेली. मी लॅबला जायला निघाले तेव्हा मावशी दारात उभी होती, हातात ती ताटली.

"अंडं परत का गो?"

"तिचं पोट दुखतंय," मी म्हणाले. दुसरं खोटं.

जीपमध्ये बसल्यावर मनात हिशेब चालू झाला. सांगितलं तर नोकरी जाईल. नोकरी गेली तर खोली कशी ठेवणार, आणि खोली कुणाची, तर जिचं नाव सांगायचं तिचीच. नाही सांगितलं तर कुणालाच कळणार नाही. कागद छापून आलाय, शिक्का आहे. आणि सोमवारी गाडी येईल, अंडी ठाण्याला जातील, कुणाच्या तरी लेकीच्या वाटीत पडतील. माझ्या लेकीच्या वाटीतलं मी काढून ठेवलं होतं. त्याच्यापुढं माझा हिशेब सरकेना.

मॅडम आल्या आल्या मी त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिले. सगळं एका दमात सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"'होय' कुणी लिहिलं?"

"मी."

"तुझ्यासमोर गोळा केली होती?"

"नाही. टोपलीत तयार होती."

त्यांनी फाइलमधून रिपोर्ट काढून पुढ्यात ठेवला. मग म्हणाल्या, "म्हणजे हा भावाच्या कोंबड्यांचा रिपोर्ट आहे. चांगल्या दिसतात त्याच्या कोंबड्या." माझ्या डोळ्यांत पाणी आलं तसा त्यांचा आवाज चढला. "रडू नकोस. चूक मोठी आहे. दुकानदाराला आत्ता फोन करून नमुना रद्द म्हणून सांगते, गाडी येणार नाही. पंधरा दिवस तू फक्त भांड्यांवर. नंतर नमुना परत घ्यायचा, आणि तूच घ्यायचा. खुराडी कुठं आहेत ते तुला माहीत."

"माझ्या लेकीनं दोन वर्षं रोज खाल्लं, मॅडम."

"आजपासून खाऊ नको म्हणावं. एवढंच आपल्या हातात आहे. ते केलंस तू." मग चष्मा घालत, "मावशीला सांगितलंस?"

नव्हतं सांगितलं. त्याच संध्याकाळी सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. मी राख, वायरी, बलक सगळं समजावत राहिले, ती खडे काढत राहिली. माझं संपल्यावर म्हणाली, "पोट नव्हतं दुखत तिचं."

"नव्हतं."

"विष वाटलं तुला माझं अंडं."

"मावशी, मला माहीत नाही अजून. म्हणून तर परत—"

"माझ्या नातवंडांनी खाल्लं, मी खाल्लं, माझ्या सासूनं मरंस्तोवर खाल्लं. कुणाला काय नाय झालं. तू कालची आलेली, माझ्या घरात राहून माझं खाऊन माझ्यावर कागद करतेस?" सूप तिनं बाजूला सारलं. "सोमवारी गाडी नाय येणार म्हून सांगू बायांना? काय सांगू? आमच्या भाडोत्रिणीनं थांबवली?"

"तसंच सांगा," मी म्हणाले.

पंधरा दिवस ती माझ्याशी बोलली नाही. खोली सोड असंही म्हणाली नाही. लेकीला मात्र हाक मारायची, जवळ बसवायची, डोक्याला तेल लावायची. अंड्याऐवजी तिच्या हातावर भाजलेले वाल ठेवायची.

नमुन्याच्या दिवशी मी उजाडताच हातमोजे घालून बाहेर आले. कुणाकुणाच्या राबात ट्रॉलीचं पडलं ते मी आधी विचारून घेतलं होतं. तीन घरं, त्यात मावशीचं. चार घरांनी ट्रॉली घेतलीच नव्हती. मॅडमनी सांगितलं होतं, तिघींचा डबा वेगळा, चौघींचा वेगळा. सगळ्या बाया खुराड्याशी उभ्या होत्या. मी वाकून आत हात घालून अंडी काढत होते, कोंबड्या बोंबलत होत्या. मावशीच्या तुरेवाल्या कोंबडीनं मनगटाला अशी चोच मारली की मोजा फाटला.

"तिला पण राग आलाय," शेजारीण म्हणाली. कुणी हसलं नाही.

मावशीनं सगळ्यात बारकं, पीस आणि घाण चिकटलेलं अंडं उचललं आणि माझ्यापुढं धरलं. "घे. हे पण घे. धुऊ का?"

"नका धुऊ," मी म्हणाले. "मीच काढायचंय, तुम्ही परत खाली ठेवा."

तिनं ठेवलं. मी उचललं.

तीन आठवडे लागले. चौघींचा डबा मर्यादेत आला. तिघींचा बराच वर. मॅडमनी मला आकडा दाखवला आणि त्याच्यापुढची मर्यादा दाखवली. मला आकड्यांतलं फारसं कळत नाही, पण कुठला मोठा ते कळतं. मी कागद घेऊन गेले. ओट्यावर बाया जमल्या होत्या, गूळ नव्हता. मी वाचून दाखवलं. कुणाची अंडी जाऊ शकतात, कुणाची नाही, हे मलाच बोलावं लागलं.

मावशी खाली बघत होती. ट्रॉली घेतलेली दुसरी एक जण म्हणाली, "मग आमी काय करायचं? पातेरा आणायला जंगलात गेलो तर गार्ड हाकलतो. ट्रॉली दारात येते."

"माझे दोघे," मावशी अचानक म्हणाली. तिचे दोन नातू अंगणात खेळत होते. "त्यांनी पण खाल्लंय ना गो."

"हो."

"आणि तुझीनं."

"हो."

ती उठली, आत गेली, बराच वेळ आली नाही. मला वाटलं आता खोली सोड म्हणून सांगेल. आली तेव्हा तिच्या हातात अंड्यांचा रिकामा ट्रे होता. तो तिनं शेजारणीच्या हातात दिला. शेजारीण त्या चार घरांतली. "तुमची जाऊ द्या सोमवारी. आमची नंतर बघू."

सोमवारी गाडी आली तेव्हा चौघींची अंडी नाक्यापर्यंत मावशीनंच उचलून नेली. स्वतःचं एकही नव्हतं त्यात. मी लांबून बघत होते. तिनं मला हाक मारली नाही, मीही गेले नाही.

मॅडमना विचारून मी तिला सांगत गेले आणि ती न बोलता करत गेली. जुनी राबाची जागा बांबूच्या कुडानं बंद केली. ती माती उकरून दुसरीकडं पसरायची नाही, वर चांगल्या मातीचा थर द्यायचा. कोंबड्या घराच्या पुढच्या बाजूला. तुरेवाली कूड ओलांडून तीनदा आत गेली, तिसऱ्यांदा मावशीनं ती कापली नाही, पुढच्या अंगणात टोपलीखाली डालून ठेवली. कापून खायचं धाडस कुणालाच नव्हतं.

चैत्रात ट्रॉली आली. मी घरी होते. मावशी रस्त्यात उभी राहिली, दोन्ही हात कमरेवर.

"बाजूला व्हा मावशी, दरवर्षी देतो ना."

"यंदा नको."

"फुकट आहे ओ."

"फुकट हाये म्हून तर कळलं नाय इतके दीस. ने, तुझ्या दारात जाळ. तुझी पोरं हायेत का घरी? मग त्यांच्या उशाशी जाळ."

ड्रायव्हर हसला, मग नाही हसला. बाकीच्या दोघी येऊन मावशीच्या बाजूला उभ्या राहिल्या. ट्रॉली वळायला जागा नव्हती. त्याला मागं मागं घेत नाक्यापर्यंत न्यावी लागली, आणि मावशी तेवढी वाट त्याच्यासमोर चालत गेली. त्या वर्षी तिचा राब निम्म्या जागेवर झाला, बांधावरचा पातेरा आणि गोवऱ्या एवढ्यावर. रोप कमी पडलं. चौघींनी आपापल्यातलं थोडं थोडं दिलं.

त्यानंतर मी तिघींच्या अंड्यांचा नमुना परत घेतला. कमी झालं होतं. मर्यादेखाली अजून आलं नव्हतं. मी हे सांगायला गेले. मावशीनं ऐकलं.

"कमी झालंय ना?"

"झालंय. पण अजून—"

"अजून वर हाये, ते ऐकलं मी. कमी झालंय ना? मग परत ने."

"लगेच नाही चालत, मावशी. थोडे महिने जाऊ द्यावे लागतात."

"मग थोड्या महिन्यांनी ने. मी कुठं जाते?" आणि मग, किती दिवसांनी, पुन्हा पूर्वीसारखं, "जेवलीस का गो?"

ते महिने गेले आणि आज सकाळी मी परत गेले होते. आताच्या कोंबड्या बहुतेक नव्या आहेत. पुढच्या अंगणात वाढलेल्या, राबाची जागा न पाहिलेल्या. मावशी खुराड्याचं दार उघडून बाजूला झाली, अंड्याला तिनं बोटही लावलं नाही. नातवानं एक उचललं तर त्याच्या हातावर चापट मारली. "ठेव. ती काढते." एक लांबट होतं, एक लिंबाएवढं, दोन्हींना घाण चिकटलेली. मी सगळी फॉइलमध्ये गुंडाळली, डबा सील केला, नंबर तीनदा वाचला. मग फॉर्म मांडीवर घेतला.

ती माझ्या खांद्यावरून वाकली. तिला वाचता येत नाही, पण तो रकाना कुठं आहे ते तिला आता माहीत आहे. तिथं तिनं बोट ठेवलं.

"काय लिवलंस?"

"होय."

"खरं का?"

"खरं," मी म्हणाले, आणि सही केली.